प्लेट बाटली

‘बाटली,’ सर म्हणाले आणि काचेची प्लेट बेसिनमध्ये टाकली.

प्लेट फुटली नाही, नुसती वाजली. मी दाराशी उभी होते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, प्रोजेक्टसाठी पहिल्यांदाच त्या संशोधनाच्या खोलीत आलेली. मला वाटलं, सरांना कुठली तरी बाटली हवी आहे. मी टेबलावर बघितलं, कपाटात बघितलं, आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली उचलून त्यांच्यापुढे धरली.

सीनियर विवेक हसला. भिंतीला टेकून, पोट धरून हसला.

‘बॉटल नाही गं,’ तो म्हणाला. ‘बाटली. म्हणजे कुणाचा तरी हात लागला तिला.’

सरही हसले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं आडनाव त्यांना आठवलं असावं, कारण हसणं अर्ध्यावरच थांबलं. विवेकच्या हसण्याचं मला काही वाटलं नाही. सरांनी हसू आवरलं, ते लागलं. हातात बाटली धरून मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे.

त्या प्रयोगशाळेत एखाद्या वस्तूत भलतं काही मिसळलं की सगळे ‘बाटलं’ म्हणत. द्रावण बाटलं. पिपेट बाटवू नकोस. ही प्लेट बाटलेली आहे, वेगळी ठेव. सरांनी कधीतरी गमतीनं सुरू केलेला शब्द, विद्यार्थ्यांनी हौसेनं उचललेला. गोंदियातलं कॉलेज, निम्मा वर्ग हिंदी बोलणारा. तेसुद्धा म्हणायचे, ‘सर, मेरा सोल्यूशन बाट गया.’ ना धड मराठी ना धड हिंदी, पण शब्द सगळ्यांना पाठ.

मला तो आधीपासूनच पाठ होता. घरातून. आमचं गाव कामठ्याच्या बाजूला. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा गावातले लोक म्हणाले होते, ‘आधीच बाटलेले, आता अजून कुठं बाटाले गेले?’ आजोबा हे हसत सांगायचे, पण सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. त्यांच्या बापानं हात लावला की विहीर बाटायची, घागर बाटायची. आता काच बाटत होती. शिकून सवरून मी केवढी पुढं आले होते, गावच्या विहिरीपासून थेट प्रयोगशाळेच्या काचेपर्यंत.

पण त्या दिवशी मी बाटली जागेवर ठेवली आणि सर काम सांगतील म्हणून उभी राहिले.

काम मिळालं ते वासाचं. पिकोलिन नावाचं एक द्रव असतं. झाकण उघडलं की सडक्या मासोळीसारखा वास खोलीभर होतो, नाकातून घशात उतरतो, केसात बसतो. वास ओढून घेणारं यंत्र आमच्याकडे होतं, पण त्याची मोटार जळालेली. त्यामुळे पिकोलिनचं सगळं काम मागच्या व्हरांड्यात व्हायचं. ते कुणालाच नको असायचं.

‘हे तू बघ,’ सर म्हणाले. ‘तुला या वासाचं एवढं काही वाटायचं नाही.’

का वाटायचं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विवेक खिडकीतून बाहेर बघत राहिला.

संध्याकाळी मी काळी-पिवळी जीपनं गावी जायचे. जीपमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी कोंबलेली असतात, पण माझ्या बाजूला हमखास जागा व्हायची. एकदा एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, ‘कायचा वास येऊन राहिला वो हा?’ ड्रायव्हरनं आरशातून मागं बघितलं. मी म्हणाले, ‘माझा.’ ती बाई कामठ्यापर्यंत नाकाला पदर लावूनच बसली. घरी आई अंगणातच शिकेकाई घेऊन बसायची. केस धुता धुता म्हणायची, ‘एवढं शिकून मासोऱ्याच विकून राहिली का वो तू?’ ती थट्टा करायची. मला हसू यायचं, आणि हसून झालं की सरांचं वाक्य आठवायचं.

तरीही मी जात राहिले. कारण तो उजेड.

हे समजावून सांगायला हवं, नाहीतर मी तिथं का टिकले ते कळणार नाही. तांब्याचा एक क्षार असतो, कॉपर आयोडाइड. तो आणि पिकोलिन एकत्र करून पातळ द्रावण करायचं. त्याचे थेंब काचेवर टाकायचे आणि काच गरगर फिरवायची. त्यासाठी विवेकनं जुन्या कम्प्युटरचा पंखा प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला होता. द्रावण पसरतं, उडून जातं, आणि काचेवर राहते ती फिल्म. सायीपेक्षा कितीतरी पातळ. दिवसाउजेडी बघाल तर वाटेल, काच नुकतीच धुतली आहे. अंधाऱ्या खोलीत तिच्यावर अतिनील दिवा धरला की ती निळी पेटते. डोळ्याला न दिसणारा प्रकाश ती पिते आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकते.

आणि गंमत पुढंच आहे. त्याच निळ्या फिल्मला बंद पेटीत टोल्युइनची वाफ दिली की थोड्या वेळानं ती पिवळी उजळायला लागते. काही घातलेलं नसतं, काही काढलेलं नसतं. तेच तांबं, तेच आयोडिन, तेच पिकोलिन. निळी असते तेव्हा ते सगळे पायऱ्यांसारखे एकाखाली एक रांगेत बसलेले असतात. वाफ लागली की रांग मोडतात आणि चार-चारांचे घोळके करतात. मांडणी बदलली की उजेड बदलतो.

माझी पहिली प्लेट पेटली तेव्हा मला रडू आलं. खोलीत अंधार होता म्हणून बरं. आमच्या घराण्यात कुणी आपल्या हातानं काही केलं आणि ते आपलं म्हणून ठेवलं, असं झालंच नव्हतं. भाताचा रोवणा केला तो मालकाच्या शेतात, त्याच्या बांधीत, धान कापलं ते मालकाचं. ही प्लेट मी केली होती आणि ती माझ्यासमोर पेटली होती.

सरांचा या प्रकारावर एक ठरलेला पाठ होता. पाहुणे आले की ते म्हणायचे, वर्गात तर दरवर्षीच म्हणायचे, ‘याला सेल्फ-असेंब्ली म्हणतात. या कणांना कुणी सांगावं लागत नाही. जो तो आपापल्या जागी जाऊन बसतो. निसर्गातच व्यवस्था आहे.’ व्यवस्था हा शब्द ते सावकाश उच्चारायचे. शेवटच्या बाकांकडे बघून.

मी रोज माझ्या हातानं वाफ देत होते. रांग मोडताना रोज बघत होते. कण कुठं बसणार हे द्रावण ठरवतं, प्रमाण ठरवतं, वाफ ठरवते, म्हणजे शेवटी मिसळणारा ठरवतो. हे सरांना माहीत नव्हतं असं नाही, त्यांनीच मला शिकवलं होतं. पण व्याख्यानाला उभे राहिले की त्यांना एवढंच आठवायचं, जो तो आपल्या जागी.

त्या पावसाळ्यात सरांनी एक मोठा प्रोजेक्ट मागितला होता. कमिटी येऊन काम बघणार होती. मंजूर झाला तर एका विद्यार्थ्याला फेलो म्हणून नेमायचं होतं, पुढं पीएच.डी.ला तोच. सर मला म्हणाले होते, ‘ती जागा तुझी. प्लेट तुझ्याच हाताला जमतात.’ ते खरं होतं. विवेकच्या प्लेटला वाळताना भेगा पडायच्या. माझ्या फिल्मचा फोटो सरांनी कमिटीला आधीच पाठवला होता, आणि तीच प्लेट समोर बघायला ते लोक येणार होते.

घरी माझ्यासाठी स्थळ बघणं सुरू झालं होतं. बाप म्हणायचा, ‘नौकरीचं काही पक्कं झालं त सांग, मंग मी थांबतो.’ वाईट माणूस नव्हता तो. मालकाची बांधी ठेक्यानं करत होता आणि थकला होता. ती जागा मिळाली तर मी शिकणार होते. नाही मिळाली तर माझं शिक्षण तिथंच संपणार होतं.

कमिटी दसऱ्याच्या सुट्टीनंतर येणार होती. अष्टमीला मी सगळ्यात चांगली प्लेट दिव्याखाली तपासली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखी निळी. ओल लागू नये म्हणून जाड झाकणाचं काचेचं भांडं असतं, डेसिकेटर. त्यात ती ठेवली आणि झाकण घट्ट बसवलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा. सगळे नवे कपडे घालून आलेले. मीही आईचं ठेवणीतलं पातळ नेसून गेले होते. दारात सर भेटले.

‘तुमच्यात हे नसतं ना?’ ते म्हणाले. ‘मग तू बाहेर थांब. उगाच तुला अवघडल्यासारखं नको व्हायला.’

किती काळजी. अपमान करायचा तर असा करावा, समोरच्यानं थँक यू म्हणावं. मी म्हणालेसुद्धा. बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. माझ्यासमोर सगळ्यांच्या चपला. दार अर्धं उघडं होतं, त्यातून दिसत होतं. सरांच्या डाव्या हातात ओल्या हळदीची वाटी. ते एकेका वस्तूला बोटं लावत होते. तराजूला, दिव्याला, पंख्याच्या डब्याला, डेसिकेटरच्या मुठीला. कपाटाच्या दारावर त्यांनी बोटानं ‘श्री’ काढला. त्यांच्या मिसेस आल्या होत्या. सर त्यांना म्हणाले, ‘थांब, तुला एक गंमत दाखवतो.’ मग त्यांनी आतले दिवे मालवले. थोड्या वेळानं मॅडमचा आवाज आला, ‘अगंबाई, किती सुरेख निळं!’

माझी प्लेट होती ती. मला कळलं आणि बाहेर, चपलांपाशी, मी खूश झाले. हे आज आठवलं की माझाच राग येतो. मला आत घेतलं नाही याचं दुःख मी त्या एका ‘अगंबाई’त विसरून गेले.

निघताना विवेकनं पेढा आणून दिला. कागदात गुंडाळून.

दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. दरवर्षी जायचो. त्या वर्षी मी गर्दीत उभी राहून मनात म्हणाले, पुढच्या दसऱ्याला मी फेलो असेन.

सुट्टी संपली. कमिटी बारा वाजता यायची होती. सकाळीच सर, विवेक आणि मी प्रयोगशाळेत शिरलो, अंधारासाठी खिडक्यांना काळे कागद लावले. सरांनी डेसिकेटर उघडला, प्लेट काढली, दिवा धरला.

प्लेट पेटली. आणि तिच्या एका बाजूला निळ्याच्या मधोमध एक हिरवट पिवळा डाग. अंगठ्याएवढा. नुसता अंगठ्याएवढा नव्हे, अंगठाच. त्याच्या बारीक रेषा दिसत होत्या. भोवतालची फिल्म ओलीनं फाटून गेलेली.

‘बाटली,’ सर म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. विवेकनंही बघितलं. दोघांनी एकदमच.

‘कुठं कुठं जाऊन आलीस सुट्टीत,’ सर म्हणाले, ‘आणि तसाच हात लावलास?’

कुठं कुठं. दीक्षाभूमीचं नाव न घेता ते एवढंच म्हणाले.  माझे डोळे त्या डागावरच होते. तो रंग मला ओळखीचा होता. या दिव्याखाली हळद अशी पेटते. सरांनीच दाखवलं होतं, भेसळीच्या तासाला.

मी सरांच्या हातातून दिवा घेतला. मागितला नाही, घेतला. आणि कपाटाकडे वळवला.

‘श्री’ पेटला. तोच हिरवट पिवळा. मी दिवा फिरवत गेले. तराजूवर दोन बोटं. पंख्याच्या डब्यावर दोन बोटं. भिंतीवरच्या बटणावर एक ठिपका. डेसिकेटरची मूठ तर सगळीच. खोलीभर सरांची बोटं पेटली होती. काळोखात दुसरं काही दिसतच नव्हतं. शेवटी मी दिवा परत प्लेटवर आणला.

 दिव्याचा चोक तेवढा वाजत होता.

‘हळद आहे, सर,’ मी म्हणाले.

सर शांत होते. अगदी वर्गात एखादी शंका सोडवावी तसे म्हणाले, ‘हळदीनं काही बाटत नाही.’

रसायनशास्त्राचा प्राध्यापक. ज्यानं मला शिकवलं की फिल्मवर श्वाससुद्धा सोडू नये. समोर डाग, समोर अंगठा, फाटलेली फिल्म. आणि हळदीनं बाटत नाही. म्हणजे काय मिसळलं याच्याशी त्या शब्दाचा कधी संबंधच नव्हता. हात कुणाचा, एवढंच तो बघत होता. इतके महिने सगळे गमतीनं बोलत होते असं मी स्वतःला समजावत आले होते. त्या सकाळी माझी समजूत संपली.

विवेकनं ट्यूबलाइट लावली. कपाटावरचा ‘श्री’ साधा पिवळा झाला.

‘ती प्लेट धुऊन टाक,’ सर म्हणाले. ‘कमिटीला विवेकची दाखवू. फोटोसारखी का नाही असं विचारतीलच. विचारलं तर सांग, चांगली होती ती तुझ्या हातून खराब झाली.’

‘पण सर, माझा हात लागला नाही.’

‘माहीत आहे मला,’ ते म्हणाले. ‘तेवढं म्हणायला तुझं काय जातं? जागा हवी आहे ना?’

आवाज मऊ होता. मुलीशी बोलावं तसा. मी प्लेट घेऊन बेसिनपाशी गेले. नळ सोडला. पाणी पडत होतं आणि मी प्लेट धरून उभी होते. धुतली असती तर सगळं सोपं होतं. एक वाक्य, मग फेलोची जागा, मग पीएच.डी., मग बापाला सांगता आलं असतं की थांब. काय जातं माझं? मी खरंच विचार केला. खोटं सांगत नाही, पाण्यात बोटंसुद्धा घातली. आणि मला ती बाई आठवली, जीपमधली. वास कसला म्हणून तिनं विचारलं तेव्हा मी ‘माझा’ म्हणाले होते. पिकोलिनचा वास मी माझा म्हणून सांगितला होता. आता हळदीचा डागही माझा म्हणायचा. उद्या आणखी काही सांडेल, तेही. असं करत करत त्यांचं सगळं माझ्या अंगावर येणार आणि त्याचंच नाव मग माझी जात.

मी नळ बंद केला. प्लेट काचेच्या बशीत ठेवली, वर झाकण ठेवलं.

कमिटीत दोघं होते. दोघंही वयस्कर, सुटाबुटातले. विवेकच्या प्लेटवरच्या भेगा दिव्याखाली काळ्या दिसत होत्या. त्यातले थोरले म्हणाले, ‘फोटो में तो बहुत अच्छी थी. वो वाली कहाँ है?’

सर माझ्याकडे वळून हसले. ‘सांग बेटा.’

  शब्द मी आधीच जुळवून ठेवले होते.

‘ती प्लेट माझ्या हातून खराब झालेली नाही,’ मी म्हणाले. ‘पूजेच्या दिवशी सरांनी ओल्या हळदीच्या हातानं ती बाहेर काढली. मी त्या वेळी खोलीत नव्हते. मला बाहेर उभं केलं होतं. ही ती प्लेट.’

मी बशी उघडून दिव्याखाली सरकवली. अंगठा पेटला.

सगळ्यांनी बघितला. कुणी नाही म्हणालं नाही. सरसुद्धा नाही म्हणाले नाहीत. धाकटे पाहुणे चष्मा पुसायला लागले. थोरल्यांनी घड्याळ बघितलं आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

‘चलिए,’ ते म्हणाले. ‘पहले चाय हो जाए.’

आणि ते चहाला गेले. एवढंच झालं. मला वाटलं होतं काहीतरी होईल. कुणी ओरडेल, कुणी विचारेल, निदान कुणी माझ्याकडे बघेल. खरं उजेडात आलं की काम झालं असं मला वाटायचं. सगळ्या पुस्तकांनी तेच सांगितलं होतं. खरं सगळ्यांच्या नाकासमोर पेटलेलं होतं आणि ते चहा प्यायला गेले.

विवेक मागं राहिला होता. म्हणाला, ‘काय गरज होती? एक वाक्य तर होतं.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘मग तू म्हणायचंस. माझ्या हातून झाली म्हणून. तुझं काय गेलं असतं?’

तो दिव्याचं बटण बंद करून बाहेर गेला.

प्रोजेक्ट मंजूर झाला. फेलो दुसराच कुणीतरी झाला. सर माझ्यावर रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, ‘तू आता घरूनच रिपोर्ट लिही. इथं यायची गरज नाही.’ मी प्लेट बशीसकट पिशवीत घालून आणली. कुणी अडवलं नाही. बाटलेली होती ना.

घरी सांगितलं तेव्हा बाप कपाळाला हात लावून बसला. ‘म्हनून टाकलं असतं त का बिघडत होतं वो?’ तो म्हणाला. ‘आमी का कमी म्हनलो? मालकाचा बैल मेला तई बी माह्याच माथी आलं. म्हनलो मी, हो बाप्पा, माहीच चुकी. बांधी त राहिली ना हातात.’

आई चुलीपाशी होती. तिनं मागं न बघताच विचारलं, ‘कायचा डाग होता म्हनलीस?’

‘हळदीचा.’

‘हरदीचा,’ ती म्हणाली. तिनं तव्यावर भाकर टाकली. मग म्हणाली, ‘मालकाच्या वाडीतली हरद मीच खांदत होती, दरसाल. मीच उकडत होती, वारवत होती. तईपर्यंत माहा हात चालत होता. एक डाव त्यायच्या पोरीच्या लग्नात मी त्याच हरदीच्या ताटाले हात लावला, त मालकिनीनं अख्खं ताट गाईपुढं टाकलं. मी बी हासली सगळ्यायसंगं. कायले हासली, अजून समजत नाई.’ तिनं भाकर उलटली. ‘तू हासली नाईस ना?’

‘नाही.’

‘मंग बस जेवाले.’

बापानं स्थळ बघणं थांबवलं नाही. मी बी.एड. केलं, भांडून केलं. लग्न झालं. आमगावला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. त्या फिल्मवर सरांचा पेपर छापून आला, त्यात पिकोलिन व्हरांड्यात कुणी मिसळलं ते नव्हतं. मला वाईट वाटतं. आजही वाटतं. वाटत नाही असं म्हणणारी मी कुणी संत नाही.

मध्यंतरी बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून मला त्याच कॉलेजात जावं लागलं. ज्युनिअर कॉलेजही त्याच इमारतीत. सर रिटायर झाले होते. विवेक तिथला शिक्षक झाला होता, ढेरी सुटलेली, केस विरळ. त्यानं ओळखलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं. परीक्षा सुरू झाली. मुलंमुली ब्युरेट भरत होती.

मधल्या टेबलावरच्या मुलीच्या फ्लास्कमध्ये रंग चुकला. एकदम गडद गुलाबी.

‘अरे, बाटला ना,’ विवेक सहज म्हणाला.

पाचसहा पोरं खी खी करून हसली. त्यांनाही शब्द पाठ होता. सर गेले होते, शब्द गेला नव्हता. त्या कॉलेजातून शिकलेले आता जिल्ह्याभर शिकवतात, म्हणजे आणखी कुठं कुठं पोचला असेल. त्या मुलीनं फ्लास्क खाली ठेवला आणि हात ओढणीत लपवले. ती कोण, कुठली, मला माहीत नव्हतं. हात लपवणं मात्र मला कळलं.

मी उठले, विवेकपाशी गेले.

‘सर, काय झालं म्हणालात?’

‘अं? काही नाही मॅडम. बोलायची सवय आहे आपली.’

‘फ्लास्कमध्ये काय जास्त पडलं ते सांगा. कशातून पडलं ते सांगा. नाव आहे त्याला.’

तो हसला. मग हसू ओसरलं. आत्ता त्याला आठवलं असावं. पोरं ब्युरेट सोडून आमच्याकडे बघायला लागली.

‘परीक्षा चालू आहे, मॅडम,’ तो हळू आवाजात म्हणाला.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘थांबली आहे.’

ती प्लेट माझ्याकडे आहे. आमगावच्या घरी, कपाटात, त्याच बशीत. मागच्या वर्षी कॉलेजातला दिवा आणून तिच्यावर धरला होता. काही पेटलं नाही. फिल्म ओलीनं कधीच मेली. हळदही उजेडानं उडाली. आता ती साधी काच आहे. उद्या सर म्हणाले, असं काही झालंच नव्हतं, तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. तोंड आहे तेवढं. म्हणून जिथं हा शब्द ऐकेन तिथं मी काम थांबवणार. परीक्षा असो, लग्न असो, साहेबाची मीटिंग असो. चहाला गेले तर परत येईपर्यंत उभी राहणार.

त्या दिवशी विवेकनं मला पुन्हा खुर्ची पुढं केली. मी बसले नाही.

‘सांगा,’ मी म्हणाले. ‘काय पडलं?’